मस्तकापासून सुरू होणारे नृत्य : ऑस्कर श्लेमर

नृत्य म्हटले की आपली नजर प्रथम पायांकडे जाते. मग हातांकडे, मग चेहऱ्याकडे. नर्तकाच्या डोक्यावर काय आहे याचा विचार होतो तो सर्वांत शेवटी. आपल्या स्नेहसंमेलनातही हाच क्रम असतो. तालमी महिनाभर चालतात, साड्या आणि धोतरे आठवडाभर आधी गोळा होतात. मुकुट मात्र आदल्या रात्री कोणीतरी पुठ्ठा, सोनेरी कागद आणि खळ घेऊन बसते तेव्हा तयार होतात. मुकुट म्हणजे नाच बसवून झाल्यावर वरून ठेवायची वस्तू, अशी आपली पक्की समजूत असते. ही समजूत पार उलटी करून दाखवणारा एक चित्रकार जर्मनीत होऊन गेला. आधी टोप करावा, आधी मुखवटा करावा, आणि तो डोक्यावर चढल्यावर शरीराला काय करता येते व काय करता येत नाही हे पाहून त्यातून नृत्य शोधावे, असा त्याचा मार्ग होता. त्याचे नाव ऑस्कर श्लेमर.

चित्रकलेचा अभ्यास करणाऱ्यांना हे नाव अपरिचित नाही. बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेची १९२२ सालची मुद्रा, म्हणजे मोजक्या उभ्याआडव्या आकारांतून उमटलेला मानवी चेहरा, ही श्लेमरचीच. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने जपलेले ‘बाउहाउसचा जिना’ हे १९३२ सालचे चित्रही त्याचेच. दोन्हींत लक्ष वेधून घेते ते डोके. मुद्रेत तर दुसरे काही नाहीच. जिन्याच्या चित्रातही पाठमोऱ्या विद्यार्थ्यांची गुळगुळीत, गोल डोकी पायरीपायरीने वर सरकताना दिसतात. डोके या एका अवयवाने या माणसाला आयुष्यभर झपाटले होते असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

श्लेमरचा जन्म ४ सप्टेंबर १८८८ रोजी स्टुटगार्ट येथे झाला. सहा भावंडांत तो सर्वांत धाकटा. वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास आईवडील दोघेही गेले आणि तो बहिणीच्या आश्रयाला राहिला. शिक्षणाची चैन परवडणारी नव्हती. १९०३ साली, म्हणजे जेमतेम पंधराव्या वर्षी, तो लाकडी जडावकामाच्या कारखान्यात उमेदवारी करू लागला. निरनिराळ्या रंगांच्या लाकडांचे पातळ तुकडे कापायचे आणि ते एकमेकांत असे बसवायचे की त्यातून चित्र तयार व्हावे, असे हे काम. त्याच्या चरित्रातील हा भाग लेखक बहुधा दोन ओळींत उरकतात. मला मात्र तो फार महत्त्वाचा वाटतो. या कामात रेषा मनाला येईल तशी वळवता येत नाही. आकार स्वच्छ, कापता येण्याजोगा असावा लागतो, आणि शेजारच्या आकाराशी त्याची कड तंतोतंत जुळावी लागते. पुढे श्लेमरने माणसाकडे पाहिले ते याच नजरेने. गोळा, शंकू, घंटा, चकती अशा निश्चित कडांच्या आकारांत त्याला माणूस दिसू लागला.

पुढे स्टुटगार्टच्या कला अकादमीत त्याला प्रवेश मिळाला आणि आडोल्फ होल्त्सेल या नामवंत शिक्षकाच्या हाताखाली तो तयार झाला. याच शहरात आल्बर्ट बुर्गर आणि एल्सा ह्योत्सेल हे नर्तक दाम्पत्य होते. राजनाट्यगृहात बॅले करणाऱ्या या दोघांना जुन्या साच्यातील नृत्याचा कंटाळा आला होता. १९१२ च्या सुमारास ते आणि श्लेमर एकत्र आले व एका नव्या प्रकारच्या नृत्याचा विचार सुरू झाला. चित्रकार आणि नर्तक यांची ही जोडी जमते न जमते तोच १९१४ चे महायुद्ध उभे राहिले. श्लेमर स्वेच्छेने सैन्यात गेला, जखमी झाला, आणि पुढे काही काळ नकाशे काढणाऱ्या पथकात राहिला. युद्ध चालू असतानाच १९१६ साली स्टुटगार्टला पलटणीच्या मदतीसाठी झालेल्या एका कार्यक्रमात या नियोजित नृत्याचे काही तुकडे रंगमंचावर आले. पूर्ण प्रयोगाला आणखी सहा वर्षे लागायची होती.

युद्ध संपले तेव्हा जर्मनी हरलेला आणि कंगाल झालेला होता. १९२० साली श्लेमरने हेलेना टुटाइन हिच्याशी विवाह केला आणि स्टुटगार्टजवळच्या कानश्टाट येथे बिऱ्हाड थाटून नृत्याच्या पोशाखांना हात घातला. मदतीला थोरला भाऊ कार्ल होता. घरचे त्याला कास्का म्हणत. कास्का हाताचा मोठा कसबी. ऑस्करने कागदावर आकार काढावा आणि तो डोक्यावर उभा कसा राहील, हे कोडे कास्काने सोडवावे, अशी ही भावाभावांची जोडी होती.

साहित्य कोणते म्हणाल, तर कागदाचा लगदा, तार, लाकूड, पत्रा, आत भरण घालून फुगवलेले कापड, आणि वर रंग. सोन्याचांदीचा भास होतो तो वर दिलेल्या धातुरंगाचा, आत रद्दीच. लगद्याचे काम ज्याने केले आहे त्याला त्याचे गुणदोष ठाऊक असतात. साच्यावर कागदाचे तुकडे खळीत भिजवून थरावर थर चढवायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, घाई केली तर आतून ओल राहते आणि टोप वाकडा होतो. पण एकदा कडक वाळला की तो घासून इतका गुळगुळीत करता येतो की पाहणाऱ्याला धातू वाटावा. लाकडाचा टोप डोके दडपून टाकील, पत्र्याचा कानशिले कापील. कागदाचा टोप आकाराने मोठा असूनही मानेला सोसतो. भला मोठा पोकळ गोळा डोक्यावर घेऊन माणसाला नाचवायचे असेल तर गरिबाचे हे साहित्यच खरे उपयोगी. श्लेमरचे वैशिष्ट्य असे की त्याने या साध्या साहित्याला श्रीमंतीची नक्कल करायला लावले नाही. खोटी रत्ने नाहीत, झिरमिळ्या नाहीत, पिसांचे तुरे नाहीत. गोळा असेल तर निव्वळ गोळा. शंकू असेल तर निव्वळ शंकू.

दरम्यान वाल्टर ग्रोपियसने त्याला वायमार येथील बाउहाउसमध्ये शिक्षक म्हणून बोलावले होते आणि १९२१ पासून तो तेथे जाऊ लागला होता. त्याच वर्षी जून महिन्यात पाउल हिंडेमिट या तरुण संगीतकाराच्या दोन एकांकी संगीतिकांचे नेपथ्यही त्याने स्टुटगार्टला केले. पण मन गुंतले होते ते आपल्या नृत्यात. अखेर ३० सप्टेंबर १९२२ रोजी स्टुटगार्टच्या लांडेसथिएटरमध्ये ‘त्रिपदी बॅले’चा पहिला पूर्ण प्रयोग झाला. जर्मन नाव ‘ट्रियाडिशेस बॅलेट’. तीन या संख्येवर सारी उभारणी होती : नर्तक तीन, भाग तीन, आणि आकार, रंग व अवकाश ही मूलतत्त्वेही तीन. पहिल्या भागाची पार्श्वभूमी पिवळी आणि वृत्ती खेळकर. दुसऱ्याची गुलाबी आणि समारंभी. तिसऱ्याची काळी आणि गूढ. एकूण नृत्ये बारा, पोशाख अठरा. संगीत हायडन, मोझार्ट, हँडेल, डेबुसी अशा निरनिराळ्या काळांतील रचनाकारांचे निवडून घेतलेले. तिसरा नर्तक म्हणून वाल्टर शोप्पे असे नाव पत्रिकेवर होते. हा शोप्पे म्हणजे खुद्द श्लेमर! चित्रकाराने स्वतःच्या हाताने केलेला टोप स्वतःच्या डोक्यावर चढवून, टोपणनावाने का होईना, नाचावे, ही गोष्ट मला त्याच्या सर्व सिद्धान्तांपेक्षा अधिक बोलकी वाटते. आपल्या कल्पनेचा त्रास दुसऱ्याच्या मानेवर ढकलून तो प्रेक्षागृहात जाऊन बसला नाही.

या प्रयोगातील काही आकृती डोळ्यांपुढे आणून पाहाव्यात. ‘पाणबुड्या’ ही आकृती येते तीच मुळी फुगीर, अवजड टोप घेऊन. समुद्रतळाशी चालणाऱ्या पाणबुड्याच्या शिरस्त्राणाची आठवण करून देणारा हा टोप. ‘चकतीवाला नर्तक’ समोर उभा राहिला की चेहऱ्यावरून आणि धडावरून गेलेली फक्त एक उभी रेघ दिसते. तो कुशीला वळला की त्या रेघेचे अकस्मात मोठे वर्तुळ होते. ‘तारेची आकृती’ म्हणजे बॅले नर्तकीच्या त्या सुप्रसिद्ध आखूड घागऱ्याची थट्टाच. कापड कोठेच नाही. कमरेभोवती एकात एक तारेची कडी. आणि शेवटचा ‘अमूर्त’ : त्याचा एक पाय पांढराशुभ्र, अवाढव्य, बाकीच्या देहाचा बराच भाग काळ्या पडद्यात विरून गेलेला. तो पाय टाकतो तेव्हा माणूस चालतो आहे असे वाटतच नाही. एक आकार जागा बदलतो आहे, असे वाटते.

आता टोपामुळे नृत्य बदलते म्हणजे नेमके काय होते, ते पाहू. बॅलेतील गिरकीचे तंत्र असे आहे की नर्तकाने नजर एका बिंदूवर रोखायची, शरीर फिरू द्यायचे आणि शेवटच्या क्षणी मान झटक्याने फिरवून नजर पुन्हा त्याच बिंदूवर आणायची. त्यामुळे घेरी येत नाही. डोक्यावर खांद्यापर्यंत उतरणारा पोकळ गोळा असेल तर ही मान फिरणार कशी? मग गिरकी संथ करावी लागते, पावलापावलाने करावी लागते. टोपाच्या भोकांतून समोरचे थोडेसेच दिसते. पायाखालचे मुळीच दिसत नाही. म्हणून पाऊल जमिनीला चाचपून, मोजून पडू लागते. डोक्यावर वजन आले की शरीराचा तोल वर सरकतो. मग झुकणे, उडी मारणे, मागे वाकणे ही नेहमीची हुकमी साधने गळून पडतात आणि पाठ आपोआप ताठ होते. चेहरा झाकला गेल्याने हसणे, रडणे, भुवई उडवणे हे सगळे बाद. जे सांगायचे ते सबंध देहाच्या कलण्यातून, थांबण्यातून सांगावे लागते. सामान्य नृत्यदिग्दर्शक याला अडचण म्हणेल. श्लेमरने या अडचणीलाच आपले व्याकरण मानले. नर्तकाच्या लाडक्या सवयी हिरावून घेतल्याशिवाय त्याला नवी हालचाल सापडणार नाही, अशी त्याची धारणा होती.

१९२५ साली बाउहाउसच्या ग्रंथमालेत रंगभूमीवर एक पुस्तक निघाले. त्यातील माणूस आणि कलाकृतीतील आकृती यांच्यावरच्या निबंधात श्लेमरने हा विचार पद्धतशीर मांडला आहे. पोशाखाने माणसाचे रूपांतर चार मार्गांनी होते, असे तो म्हणतो. भोवतालच्या घनाकार अवकाशाचे नियम देहावर लादले तर डोके, धड, हातपाय सगळे ठोकळे होतात आणि माणूस म्हणजे चालतीबोलती इमारत बनतो. देहाच्याच कार्याचे नियम पाळले तर डोके अंड्यासारखे, धड फुलदाणीसारखे, हातपाय गदेसारखे, सांधे गोळ्यांसारखे, आणि तयार होते ती कळसूत्री बाहुली. गतीचे नियम घेतले तर भोवरा, गोगलगाय, मळसूत्र, चकती. आणि चौथा मार्ग मनाच्या आशयाचा : पसरलेल्या बोटांचा तारा, घडी घातलेल्या हातांचे अनंताचे चिन्ह, कणा आणि खांदे यांचा क्रूस, दोन डोकी, अनेक हात. हा चौथा मार्ग वाचताना भारतीय वाचकाला क्षणभर थबकायला होते. चार हात, तीन मस्तके आपल्याला नवी नाहीत. आपल्या मूर्तिकारांनी हे रूपांतर कित्येक शतके आधी केले. फरक इतकाच की ते दगडात केले आणि श्लेमरला ते चालत्या, श्वास घेणाऱ्या माणसावर करायचे होते.

या सर्व विचारामागे क्लाइस्ट या जर्मन लेखकाच्या १८१० सालच्या कळसूत्री बाहुल्यांवरील निबंधाची छाया आहे. बाहुलीला स्वतःच्या दिसण्याची जाणीव नसते, म्हणून तिच्या हालचालीत माणसाला न साधणारे सौंदर्य असते, हा त्या निबंधाचा गाभा. टोपाच्या आत गेलेल्या नर्तकालाही ही जाणीव सोडून द्यावी लागते. आपण कसे दिसतो ही काळजी त्याला उरत नाही, कारण तो दिसतच नाही.

१९२५ साली बाउहाउस डेसाउ येथे हलले आणि पुढच्या वर्षी ग्रोपियसने बांधलेल्या नव्या इमारतीत श्लेमरला एक लहान रंगमंच मिळाला. एका बाजूला सभागृह, दुसऱ्या बाजूला विद्यार्थ्यांची खानावळ आणि मध्ये हा रंगमंच. जेवणाच्या टेबलापासून दहा पावलांवर कला! येथे त्याने विद्यार्थ्यांना घेऊन जी छोटी नृत्ये बसवली ती ‘बाउहाउस नृत्ये’ या नावाने ओळखली जातात. ‘त्रिपदी बॅले’च्या मानाने ती फार साधी आहेत, आणि माझ्या मते अधिक धीट आहेत. बारा नृत्यांना अठरा पोशाख हा थाट येथे नाही. सर्व नर्तकांना सारखेच, भरण घातलेले सलग पोशाख : एकाचा लाल, एकाचा निळा, एकाचा पिवळा. सर्वांच्या डोक्यांवर सारखेच गोल मुखवटे. ‘अवकाशनृत्या’त तीन नर्तक रंगमंचावर आखलेल्या रेषांवरून चालतात, पिवळा लगबगीने, लाल कवायतीच्या चालीने, निळा संथपणे. बस, एवढेच. पण डोकी एकसारखी असल्यामुळे आपले लक्ष कोण चालतो याकडे जात नाही, कसा चालतो याकडेच जाते. ‘काठीनृत्या’त हातापायांना लांबच लांब काठ्या बांधलेल्या, किंचित कोपर हलले तरी रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला काठीचे टोक कमान काढते. मांडा फोन क्राइबिग हिने ते सादर केले होते.

बाउहाउसचे समारंभ हा एक स्वतंत्रच विषय होईल. १९२६ चा ‘पांढरा समारंभ’, १९२८ चा दाढी, नाक आणि हृदय यांचा समारंभ, आणि ९ फेब्रुवारी १९२९ चा ‘धातुसमारंभ’. या शेवटच्या समारंभाला पाहुणे पत्र्याच्या घसरगुंडीवरून घसरत सभागृहात शिरत. चांदीसारखा चकाकणारा कागद, तवे, चमचे, जे मिळेल ते अंगावर आणि डोक्यावर चढवून मुले आली होती. विकत काही आणायचे नाही, पण हातचे काहीतरी करून यायचे, हा तिथला शिरस्ता. शिक्षक आणि विद्यार्थी मिळून कंदील, पतंग, मुखवटे करीत. आणि त्यातले उत्तम ते पुढे श्लेमरच्या रंगमंचावर येई. कार्यशाळा आणि गंमत यांच्यामध्ये तिथे भिंत नव्हती.

तथापि हे चित्र एकरंगी नाही. १९२८ साली हानेस मायर प्रमुख झाल्यावर वारे फिरले. देशात बेकारी आणि राजकीय मारामाऱ्या चालू असताना गोळे आणि शंकू नाचवण्यात काय अर्थ आहे, असा सवाल शाळेतील राजकीय वृत्तीचे विद्यार्थी करू लागले. रंगभूमीने समाजाविषयी बोलावे, ही त्यांची मागणी. माणसाला टोपात कोंडून त्याचे यंत्र करणे हा यंत्रयुगाचा जयजयकार नव्हे काय, असाही आक्षेप श्लेमरवर घेतला गेला आहे. पहिला आक्षेप मला रास्त वाटतो. श्लेमरपाशी त्याला उत्तर नव्हते, आणि ते शोधण्याची त्याची वृत्तीही नव्हती. दुसरा मात्र मला पटत नाही. ज्याने ‘माणूस’ याच नावाचा अभ्यासक्रम तयार करून शरीरशास्त्रापासून तत्त्वज्ञानापर्यंत सर्व काही एका विषयात शिकवले, त्याला यंत्राचा भाट कसे म्हणावे? त्याच्या टोपाच्या आत घामाने डबडबलेला, वाट चाचपणारा माणूस असतो आणि प्रेक्षकाला ते पदोपदी जाणवते. यंत्र तोल सांभाळत नाही, माणूस सांभाळतो. काही असो, १९२९ साली आपल्या विद्यार्थ्यांच्या चमूसह बर्लिन, फ्रांकफुर्ट, स्टुटगार्ट, बाझेल आदी ठिकाणी प्रयोग करून श्लेमरने बाउहाउसचा निरोप घेतला आणि ब्रेस्लाउ येथील अकादमीत तो शिकवू लागला.

यापुढची कथा उताराची आहे. १९२३ साली त्याने वायमारच्या कार्यशाळेच्या इमारतीत भित्तिचित्रे काढली होती. १९३० साली तिथल्या प्रांतिक सरकारात नाझी मंत्री आला आणि ती भित्तिचित्रे नष्ट करण्यात आली. हिटलर सत्तेवर येण्यापूर्वी सव्वादोन वर्षे ही गोष्ट घडली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९३२ साली ब्रेस्लाउची अकादमी बंद पडली. त्याच वर्षी पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत ‘त्रिपदी बॅले’ला सहावा क्रमांक मिळाला, पहिला आला कुर्ट योसचा ‘हिरवे टेबल’ हा युद्धविरोधी बॅले. आणि तेथेही राजकारण्यांच्या तोंडावर मुखवटेच होते! श्लेमरच्या हयातीत त्याच्या बॅलेचा हा अखेरचा मोठा प्रयोग ठरला. पुढे बर्लिनच्या कलाशाळेत त्याची नेमणूक झाली. १९३३ उजाडले आणि त्या शाळेत असल्या शिक्षकांवर बहिष्कार टाका असे फलक लागले. त्यांत त्याचे नाव होते. फलक लावणारे विद्यार्थीच होते. महाविद्यालयात वावरणाऱ्या आपणा सर्वांना ही गोष्ट वाचून बरे वाटणार नाही. पण ती तशी घडली. लवकरच त्याची नोकरी गेली. स्टुटगार्टला मार्च महिन्यात भरलेले त्याच्या चित्रांचे प्रदर्शनही थोड्याच दिवसांत गुंडाळावे लागले.

एप्रिल १९३३ मध्ये त्याने प्रचारमंत्री गोबेल्सला पत्र लिहून संग्रहालयांतून आधुनिक चित्रे हटवण्याचा निषेध केला. हे धैर्याचे काम होते. पण चरित्र लिहायचे तर पुढच्या वर्षाची गोष्टही लपवू नये. १९३४ साली म्युनिकच्या एका संग्रहालयातील सभागृहाच्या भिंतीसाठी स्पर्धा निघाली, तेव्हा त्याने सलामीसाठी हात उंचावलेल्या लोकांच्या रांगांचा आराखडा पाठवला. तो नाकारला गेला. भुकेने माणूस वाकतो म्हणावे, की नव्या राजवटीत आपल्या कलेला जागा मिळेल अशी भाबडी आशा त्याला होती म्हणावे? बहुधा दोन्ही खरे असेल. जागा मात्र मिळाली नाही. जुलै १९३७ मध्ये म्युनिकला ‘अवनत कला’ म्हणून जे कुप्रसिद्ध प्रदर्शन भरवण्यात आले, त्यात लोकांनी हसावे म्हणून टांगलेल्या चित्रांत श्लेमरचीही होती.

बायको आणि तीन मुले यांचा संसार. १९३८ पासून त्याने स्टुटगार्टच्या एका रंगकाम करणाऱ्या पेढीत नोकरी धरली. युद्ध सुरू झाल्यावर शत्रूच्या विमानांना इमारती ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांवर फसवे रंग फासण्याचे काम त्याच्या वाट्याला आले. ज्याने आयुष्यभर आकार स्पष्ट दिसावा म्हणून धडपड केली, त्याच्यावर आकार लपवण्याची पाळी आली. १९४० साली वुपरटालच्या कुर्ट हेरबेर्ट्स या रंगकारखानदाराने त्याला आसरा दिला. त्याचा जुना स्नेही चित्रकार विली बाउमाइस्टर हाही तेथेच होता. लॅकरच्या रंगांचे प्रयोग करणे हे या मंडळींचे वरकरणी काम. याच कारखान्याच्या आश्रयाने १९४१ च्या अखेरीस श्लेमरने एक लहानसे ‘लॅकर बॅले’ बसवले. जगातील नामवंत नाट्यगृहांसाठी ज्याने टोप घडवले, तो आता एका कारखान्याच्या समारंभासाठी, हाताशी असलेल्या चकचकीत रंगांतून, पुन्हा पोशाख करीत होता. हे त्याचे शेवटचे नृत्य. १९४२ साली त्याने आपल्या खोलीच्या खिडकीतून दिसणाऱ्या समोरच्या घरांच्या खिडक्या रंगवल्या. अठरा छोटी चित्रे. संध्याकाळच्या दिव्यात कोणी स्वयंपाक करते आहे, कोणी नुसते उभे आहे. रंगमंच तो एवढाच उरला होता.

१३ एप्रिल १९४३ रोजी बाडेन-बाडेन येथे त्याचे निधन झाले. वय चोपन्न.

‘त्रिपदी बॅले’तील काही मूळ पोशाख वाचले, ते स्टुटगार्टच्या श्टाट्सगालरी या संग्रहालयात आहेत. नृत्ये मात्र गेली. पावलांची सविस्तर नोंद कोठेच नव्हती, मूळ नर्तकांच्या अंगात जे मुरले होते ते त्यांच्याबरोबरच संपले. १९७० साली पोशाख नव्याने करून या बॅलेचा चित्रपट काढण्यात आला. १९७७ साली गेर्हार्ड बोनर या जर्मन नृत्यदिग्दर्शकाने ते पुन्हा रंगमंचावर आणले. त्याच्यापाशी पावले नव्हती. चित्रे होती, टिपणे होती, छायाचित्रे होती आणि पोशाखांचे आकार होते. म्हणून त्याने तेच केले जे १९२० च्या सुमारास कानश्टाटच्या त्या घरात झाले होते. टोप आणि पोशाख आधी तयार करवले, ते नर्तकांच्या अंगावर चढवले आणि त्यांना हळूहळू चालायला सांगितले. चकतीवाल्याला किती वळता येते, पाणबुड्याला किती झुकता येते, तारेच्या आकृतीला दाराशी किती जागा लागते, हे नर्तकांना पोशाखांनीच शिकवले. बोनरची ही रचना पुढे अनेक देशांत झाली, आणि २०१४ साली म्युनिकच्या तरुण नर्तकांनी ती नव्याने बसवली. म्हणजे ज्या शहरात श्लेमरची चित्रे हसण्यासाठी टांगली होती, त्याच शहरातली विशीतली मुले ते गोल टोप डोक्यावर घेऊन, पायाखालचे न दिसता, पाऊल मोजून टाकायला शिकली.